अडकलेली डिस्क

कल्याणला आमच्या गल्लीत प्लेयर दुरुस्त करणारे एक काका आहेत. भांडण कुणाचंही असो, ते वस्तूची बाजू घेतात.

माझा लाडका हेवी मेटल अल्बम एका बाजूला सीडी, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी अशा जाड डिस्कवर होता. ती गाडीच्या प्लेयरमध्ये अडकली. वैतागून मी म्हणालो, "काका, तोडून काढा."

"तिचा काय गुन्हा रे? याचंच तोंड लहान," म्हणत त्यांनी तासभर खपून अख्खा प्लेयर उघडला. डिस्क हलकेच पुसून स्वतःच्या जुन्या, ट्रे बाहेर येणाऱ्या प्लेयरमध्ये लावली. ढणढणाट सुरू झाला. शेजारचा शिंपी ओरडला. मी ओशाळून उठलो.

काकांनी दार लोटून घेतलं. "बस खाली. एवढ्या मुश्किलीने सुटलीय ती. पूर्ण ऐकून जा."