ताटलीत उरलेला स्क्रू

शेजारच्या काकूंचा मिक्सर बंद पडला, तेव्हा त्यांच्या मुलाने लगेच नवा मागवला. जुना आज चालला नाही, तर भंगारात जाणार होता. हल्ली काही बिघडलं की आपण आधी फोन हातात घेतो, स्क्रू ड्रायव्हर क्वचितच. मला मात्र यंत्र उघडून बघितल्याशिवाय राहवत नाही. माणसांशी बोलण्यापेक्षा ते सोपं वाटतं.

मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश बदलून मी मिक्सर पुन्हा जोडला, तर काढलेले स्क्रू ठेवलेल्या ताटलीत एक उरला.

"कंपनीनं जास्तीचा दिला असेल गं," काकू म्हणाल्या.

मी हसले आणि पुन्हा सगळं उघडलं. स्क्रू जागेवर बसला, मिक्सर घरघरला.

काकूंनी मुलाला फोन लावला. "नवा परत कर रे. शेजारी इंजिनिअर राहते."

मी कॉमर्सची आहे, हे मी सांगितलं नाही.