दोन्ही हातांनी धरलेला झेंडा

मी हिमालयात गेलो होतो, हे खरं आहे. एवढं सोडलं तर माझ्या गिर्यारोहणाबद्दल त्या वर्षी लोणावळ्यात जे जे बोललं गेलं ते सगळं खोटं होतं, आणि त्यातलं निम्मं मी स्वतःच्या तोंडानं बोललो होतो.

तेव्हा मी लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून होतो. रविवारी पुण्याची काही मंडळी दोरखंड घेऊन जवळच्या नागफणीच्या सुळक्यावर चढायला यायची, त्यांच्या नादाला लागलो. पायथ्याच्या कुरवंडे गावाच्या बाजूनं नागफणीवर साधी पायवाट जाते. पण आम्ही शहाणे! आम्ही दरीकडच्या कड्यावरून, खिळे ठोकत, दिवस घालवून वर जायचो. वर पोचावं तर तिथं कुरवंड्याच्या शेळ्या आधीच चरत असायच्या. असं करता करता एका उन्हाळ्यात हिमालयात जाणाऱ्या तुकडीत माझी वर्णी लागली.

तिथं काय झालं ते आता सांगायला हरकत नाही. शिखर तासाभरावर राहिलं असताना माझं डोकं असं ठणकायला लागलं की आई आठवली. मग ओकाऱ्या. म्होरक्यानं मला एका खडकाच्या आडोशाला बसवलं, जागचा हललास तर याद राख म्हणून दम दिला, आणि बाकीचे वर गेले. परत आल्यावर त्याला माझी दया आली असावी. "चल, तुझाही एक फोटो काढू," म्हणाला. मी झेंडा छातीसमोर दोन्ही हातांनी पसरून धरला, हसलो, आणि फोटो निघाल्यावर पुन्हा ओकलो.

तुकडी शिखरावर पोचल्याची बातमी माझ्या आधीच गावात आली होती. लोणावळ्याला गाडीतून उतरतो तर काय, फलाटावर बँड! 'शिखरवीराचे स्वागत' असा हातभर अक्षरांचा कापडी फलक. अहो, मी शिखरवीर नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं, पण उघडलेल्या तोंडात कुणीतरी पेढा कोंबला. तो गिळेपर्यंत वडील पुढं आले होते.

वडिलांची सगळी नोकरी घाटातल्या इंजिनावर गेली. कर्जतला गाडीला मागून जोडतात ते ढकलणारं इंजिन. गाडी घाट चढली की ते सोडतात, गाडी पुण्याला निघून जाते आणि हे पुन्हा खाली कर्जतला. इतकी वर्षं लोकांच्या गाड्या वर पोचवल्या, पण गाडीतल्या एकाही माणसाला मागं कोण होतं ते ठाऊक नसायचं. निवृत्तीच्या दिवशी एक नारळ मिळाला होता. त्या वडिलांनी फलाटावर बँडवाल्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हमसून हमसून रडले. सांगा, कुठल्या तोंडानं खरं बोलणार?

मग व्याख्यानं सुरू झाली. शाळेत, महिला मंडळात, वाचनालयात. फोटो मोठे करून पुठ्ठ्यावर चिकटवले होते, ते मी एकेक करून दाखवायचो. पहिल्या व्याख्यानात मी "आमची तुकडी वर पोचली" म्हणालो. त्यात खोटं काय होतं? चौथ्या व्याख्यानापर्यंत मी "माथ्यावर उभा राहिलो तेव्हा" अशी सुरुवात करायला लागलो. वडील इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसायचे. झेंड्याचा फोटो आला की मागं वळून लोकांकडे बघायचे. मला स्वतःची शिसारी यायची, आणि त्यांचा चेहरा बघितला की ती जायची.

कुरवंड्याचं व्याख्यान वडिलांनीच ठरवलं, आमच्याकडे दूध घालणाऱ्या तिथल्या भाऊंना सांगून. रविवारी दुपारी मारुतीच्या देवळात चाळीसेक माणसं जमली. शेतकरी, मजूर, लेकरं काखोटीला मारलेल्या बाया. इथं मी मुद्दाम जास्त रंगवून बोललो. अडाणी माणसं, यांना काय कळणार, असं माझ्या मनात होतं. खोटं कशाला बोलू, अगदी असंच होतं.

"कुनाचं जनावर वर गेलतं का?" पहिला प्रश्न आला.

"नाही."

"मग तुमी कशापायी गेलता?"

मी फोटो त्यांच्या हातात दिले. झेंड्याचा फोटो फिरत फिरत खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांपाशी आला. ते जन्मभर नागफणीवर शेळ्या चारत आलेले. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला आणि मला विचारलं, "ह्यो टोकावरचा म्हनता न्हवं?"

"हो आबा. अगदी टोकावरचा."

"मग कापड दोन हातांनी पसरून का धरलंय?"

मी फोटो परत घ्यायला हात पुढं केला.

"न्हाई, इचारतो आपलं. नागफणीच्या टोकावर आमच्या डोक्याचं मुंडासं ऱ्हात न्हाई, वारा लय. हितं तर कापड लोंबतंय. म्हंजी आडोसा हाय. आन आडोसा हाय म्हंजी वर आजून डोंगर हाय." एवढं बोलून त्यांनी फोटो शेजारच्याला दिला. कुरघोडी करायची म्हणून बोलले नव्हते. पाऊस येईल का, हे सांगावं तसं सांगितलं.

वडील पहिल्या रांगेत, सतरंजीवर. ते माझ्याकडे बघत होते, आता हा म्हाताऱ्याला कसं गप्प करतो ते बघायला.

"आबा, बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "वर दुसरे गेले. मला ओकाऱ्या होत होत्या. मी खालीच बसलो होतो."

देवळात कुणी हसलं नाही. आबा म्हणाले, "मग बसला त्ये बरं केलं. जीव का वाटंवर पडलाय!" बायांनी माना हलवल्या. कुणीतरी आम्हाला गुळाचा चहा आणून दिला, आणि बोलणं भाताच्या रोपांकडे वळलं. खरं सांगतो, हिमालयातून परतल्यापासून इतका गोड चहा मी प्यायलो नव्हतो. वडिलांनी कपाला हात लावला नाही.

परतीच्या वाटेवर ते दहा पावलं पुढं चालत होते. "बाबा, मी सांगणारच होतो," मी म्हणालो. ते थांबले नाहीत. मागं न बघता एवढंच म्हणाले, "कुरवंड्याला पुन्हा कार्यक्रम ठेवायचा नाही."

लोणावळ्यात शिरलो तर स्टेशनाजवळ त्यांचे जुने दोस्त भेटले, निवृत्त गार्ड. "काय, आज कुठं व्याख्यान?"

"कुरवंड्याला," वडील म्हणाले. "वर कसा पोचला ते ऐकून लोक थक्क झाले."

असा राग आला मला! तासाभरापूर्वी या माणसासमोर माझी चामडी सोलून निघाली होती, आणि हा माणूस ती परत माझ्या अंगावर चढवत होता. मी बोलणारच होतो. पण गार्डकाकांनी मलाच विचारलं, "काय रे, वरून दिसतं तरी काय?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. घरात त्यांनी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घेतला नव्हता. आत्ता ते मागत होते.

"सगळे डोंगर खाली दिसतात, काका," मी म्हणालो.

"ऐकलंस?" वडील गार्डकाकांना म्हणाले. "ऐकलंस ना?"

त्यानंतर वडील नऊ वर्षं जगले, आणि ती नऊही वर्षं मी शिखरावरच होतो.