देवघरातला बोर्ड

गुटख्याचा तो गोडूस, कुबट वास आला की मला सिद्धगडाच्या पायथ्याचं आमचं नवं घर आठवतं, ओल्या सिमेंटचा वासही अजून न गेलेलं. वायरमन देवघराच्या भिंतीत लाइटचा बोर्ड बसवत होता आणि त्याचं तोंड भरलेलं होतं. खिडकी हाताच्या अंतरावर होती, तरी त्यानं भिंतीतल्या उघड्या डब्यातच पिचकारी मारली. चहा घेऊन आलेली आई दारातच थबकली. “आरं, देव बसायचेत ना रे तिथं!” तो हसला. “झाकन लागलं का कोनाला दिसतंय, काकी?” लाल ओघळ वायरींवरून उतरत होता. मी पुढं झालो, तर वडिलांनी माझं मनगट धरलं. “गप ऱ्हा. त्याची सही नाय झाली तं मीटर नाय येनार.” मीटर बसला, बल्ब लागला, आणि वडिलांनी नारळ फोडायचा मान त्यालाच दिला. आईनं देव पदरात घेतले आणि चुलीशेजारच्या फळीवर नेऊन मांडले. आजही ते तिथंच आहेत. एवढ्या वर्षांत वायरिंगला हात लावावा लागला नाही, असं वडील पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, तेव्हा मला थुंकावंसं वाटतं. मी उठतो आणि अंगण ओलांडून पार कुंपणापर्यंत जातो.