फ्रेंच नाटकांचे सचित्र कार्यक्रम

आता स्वतःच्या तोंडानं स्वतःची फजिती काय सांगायची! पण चहा अजून उकळतोय, तोवर ऐकाच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी निमगाव केतकीच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. म्हणजे पोरं मोसंबी काढायची आणि मी 'छान भोपळा' म्हणून मार्क द्यायचो.

पुण्याच्या एका ग्रंथालयात मला एक जाडजूड पुस्तक सापडलं. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये नाटकाला आलेल्यांच्या हातात एक छापील कागद द्यायचे, त्याला म्हणायचे 'प्रोग्राम'. त्यावर नटांची नावं, आणि सोबत नामांकित चित्रकारांनी दगडावर काढून छापलेलं चित्र! मी हरखलो. सहा कागदांच्या झेरॉक्स काढल्या, जलरंगांनी रंगवल्या आणि गावात व्याख्यान ठरवलं.

आता 'प्रोग्राम' हा इंग्रजी शब्द माझ्यासारख्या शुद्ध मराठीवाल्याला कसा चालेल? मी त्याचं 'कार्यक्रम' केलं. आठवडी बाजारात फळा लावला: 'रविवारी दुपारी चारला, शाळेच्या पटांगणात, फ्रेंच नाटकांचे सचित्र कार्यक्रम. प्रवेश मोफत.'

रविवारी बघतो तर काय! पटांगणात मुंगी शिरायला जागा नाही. शेळगावहून दोन ट्रॅक्टर भरून माणसं आलेली. सरपंच तात्या फेटा बांधून पहिल्या रांगेत. मला गहिवरून आलं हो! म्हटलं, कलेची खरी जाण इंदापूर तालुक्यातच. पुणेकर उगाच मिरवतात!

एकेक कागद उंच धरून मी तासभर रेषा, रंग, छपाई समजावली. लोक शांत. मला वाटलं, भारावले!

शेवटी एक आबा उठले. "मास्तर, बाया कवा यायच्या?"

"कुठल्या बाया?"

"फ्रान्सच्या! नाटकातल्या!"

"आबा, बाया नाहीत. हा कागद म्हणजेच कार्यक्रम."

"तिकडच्या लोकांना ह्योच कागूद दिला व्हय?"

"हाच."

"आन् मंग नाटकबी दावलं?"

"दाखवलं की."

"मंग आमाला निस्ता कागूद?"

घाईघाईनं म्हणालो, "अहो, यातली कला बघा! हे दगडावरून..."

"दगड हितं बी हायती, मास्तर!" मागून आवाज आला.

निम्मं पटांगण उठून उभं राहिलं. तेवढ्यात तात्यांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, खाली बसा. फ्रान्सचं नाटक आलं न्हाय, हे खरं हाय. पर आपल्या मास्तरांनी एकट्यानं तासभर नाटक केलं. टाळ्या वाजवा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मी? मी दोन्ही हात जोडून, चांगला कमरेत वाकून, तीनदा नमस्कार केला!