चमनगोट्याचा हुकूम

शटर खडखडत वर गेलं आणि आरसा, ब्रश, पावडरचा डबा, ती एकुलती एक खुर्ची, सगळी मंडळी उजेडात आली. केस कापणारे काका मात्र सकाळीच दमलेले होते. एके काळी दार नुसतं लोटून ते घरी जेवायला जात. हल्ली दोन महिन्यांत दुकान दोनदा फुटलं होतं. "पोलिसांना मोकळा हात द्या!" असं गल्लीच्या सभेत सगळ्यांत मोठ्यांदा तेच ओरडले होते. "अहो, हळू," बायको म्हणाली होती, "चोर पळायचे नाहीत, मीच बहिरी होईन."

आज तो मोकळा हात दुकानातच आला. हवालदाराने चार तरुणांना धरून आणलं. गुन्हा काय, तर केस वाढवून नाक्यावर घोळक्याने उभे होते.

"काका, चौघांचाही चमनगोटा करा. लोकांना दिसला पाहिजे."

"मिसरूडही काढा, काका!" बाहेर जमलेल्या गर्दीतून शेजारचा वाणी ओरडला.

हवालदाराने पहिल्याला खुर्चीत दाबलं आणि त्याची मान पकडून ठेवली. काकांनी सवयीने बोटं टेकवली. या बोटांखाली माणसं आजवर मान सैल सोडून बसली होती, कित्येक तर घोरलीही होती. ही मान मात्र ताठ होती आणि थरथरत होती. काकांनी सुरू केलेलं मशीन बंद केलं.

"काय झालं? तुम्हालाच हवं होतं ना हे?" हवालदाराने विचारलं.

काका स्टुलावर टेकले.

"हवं होतं, साहेब. खोटं कशाला बोलू? पण धरलेल्या मानेवर माझा हात चालत नाही. आधी सोडा त्याला. मग तो म्हणाला, तर कापतो."