अमेरिकेला झापणारे हॉटेलवाले

उमापूरच्या स्टँडवरचे चहाचे हॉटेलवाले आप्पा गिऱ्हाइकाला आधी बातमी पाजत आणि मग चहा. त्या हिवाळ्यात धूर कुणी किती कमी करायचा यावरून सगळे देश जपानात भांडत होते, आणि हे इथं पेपर फडकावून अमेरिकेला झापत होते.

"सवता शंभर वर्सं धूर केला, बंगले बांदले, आन् आता आमाला म्हणायली चूल इझवा! कावून इझवायची बे?"

'बे' मला नव्हतं, अमेरिकेला होतं.

हॉटेलात नुकताच गॅस आला होता. त्यामुळे समोरच्या भजीवाल्या बाईंच्या भट्टीचा धूर त्यांना सोसेना. बातमी अर्धी टाकून ते ओरडले, "ओ बाई, ती भट्टी बंद करा आदी! गिऱ्हाईक खोकायलंय."

बाईंचा झारा थांबला नाही. "आप्पा, तुमच्या भट्टीचा धूर आमी इतकी वर्सं खाल्ला. आता तुमच्याकडं गॅस आला, तर माजी भट्टी कावून बंद?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

त्यानंतरही अमेरिकेची बातमी ते रोज वाचत. पण मनातल्या मनात.