गोठ्यातली जागी लेकरं

"माह्या पोरीले काय केलं वो बाई तुमी? रातभर किचाळते!"

काशी आमच्या गोठ्याच्या दारात उभी राहून ओरडत होती. ओरडणं असं, की नांदुऱ्याच्या स्टेशनात उभी गाडी शिट्टी समजून सुटली असेल. मी कडब्याच्या गंजीमागे झालो. सुभद्रावहिनी, माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची बायको, जागच्या हलल्या नाहीत. तीच पोरगी त्यांच्या मांडीवर होती.

गेल्या महिन्यात वहिनी गेल्याचं कळलं आणि मला पहिली ऐकू आली ती काशीची आरोळी...

तेव्हा महाराष्ट्र नवानवा झाला होता. वडनेरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना अफूची गोळी चाटवत आणि बांधावरच्या बाभळीला झोळी टांगून निजवत. दिवस मावळेपर्यंत लेकरू हूं की चूं करत नसे. वहिनींनी आमच्या म्हशी अंगणात हाकलल्या, गोठा सारवला, झोळ्या टांगल्या आणि बायांना सांगितलं, लेकरं इथं ठेवा, फक्त गोळी देऊ नका. म्हशी वर्षभर रुसल्या होत्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा.

आठवड्यात घोळ झाला. गोळी सुटलेली लेकरं रडू लागली आणि बायांना वाटलं, करणी झाली. निजलेलं लेकरू तेच चांगलं, एवढंच त्यांना ठाऊक. काशीनं पोरगी उचलली असती तर गोठा त्याच दिवशी रिकामा झाला असता. बाकीच्या बाया अंगणात कान देऊन उभ्याच होत्या.

"गोळी उतरून राह्यली, म्हणून रडते वं ते," वहिनी म्हणाल्या. "आज तू बस इथं. पाह्य दिवसभर."

"अन् माही वेचणी कोन करीन? तुमी?"

"हाव. दे तुही ओटी."

बाया फिदीफिदी हसल्या. वहिनींनी कापूस भरायची ती ओटी कंबरेला बांधली आणि निघाल्या. घरंदाज सून, परक्याच्या वावरात, मजुरीला! दादांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. माझ्या मते तो त्यांनी दिवाळीला गिळला.

पुढचं मात्र फुगवून सांगत नाही. फुगवायला जागाच नाही. संध्याकाळी वहिनी परतल्या तेव्हा बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं सोलून निघाली होती. गोठ्यात काशी जमिनीवर बसली होती, पोरीकडे बघत. दिवसाउजेडी तिनं आपली लेक जागी अशी कधी पाहिलीच नव्हती...

"नेतं का मंग पोरीले?" वहिनींनी विचारलं.

"हे रांगते," काशी म्हणाली.